झाकणाखालचा कागद

पडद्यावर तो कागद आला तेव्हा मी तिसरं बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किट मऊ झालं, तुटलं आणि कपाच्या तळाशी गेलं, तरी माझी नजर पडद्यावरून हलेना. कागद माझा होता. पेशंटच्या नावावर काळी पट्टी मारलेली, हॉस्पिटलचं नाव खोडलेलं, तारीख पुसलेली; पण ते वाक्य मी दहा वाक्यांतून ओळखलं असतं. 'आज ___ वाजता त्यांनी अत्यंत शांतपणे अखेरचा श्वास घेतला.' वेळेची जागा मोकळी. चोवीस वर्षांपूर्वी एका दुपारी अडीचच्या सुमारास, पोटभर जेवून, मी हे वाक्य टाइप केलं होतं. आणि ज्यांच्या अखेरच्या श्वासाबद्दल ते होतं ते गृहस्थ त्या दुपारी दोन मजले वर उशीला टेकून सूप पीत होते. "आपल्या क्षेत्रातल्या चुकीचं हे अगदी पुस्तकी उदाहरण," प्रशिक्षिका म्हणाली, आणि सगळ्यांनी आपापल्या पुस्तिकेचं एकतिसावं पान उघडलं. मीही उघडलं. तिथे लिहिलं होतं, की विभागप्रमुख बाईंनी पेशंट हयात असताना त्याच्या निधनाचं निवेदन आगाऊ तयार करून घेतलं, मूळ प्रत झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली राहिली आणि ती पेशंटच्या मुलीच्या हाती लागली. खाली चौकटीत ठळक अक्षरांत: कारण, प्रमुखांचा निष्काळजीपणा आणि संवेदनशीलतेचा अभाव. मी चौकट दोनदा वाचली. 

तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि हा दुसरा दिवस. आठ हॉस्पिटलांच्या जनसंपर्क विभागांतली माणसं आमच्याच नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जमली होती. अर्धवर्तुळात टेबलं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, हुद्द्याची पाटी, आणि एसी इतका गार, की सगळ्या बायकांनी ओढण्या आणि पदर गुंडाळून घेतलेले. डॉक्टर चुकला तर माणूस मरतो, आम्ही चुकलो तर तो मेला असं छापून येतं. म्हणून आम्हालाही अधूनमधून शिकवावं लागतं. खरं तर आमच्या खात्याला सारवासारव खातं म्हणायला हवं. सकाळपासून आम्ही शिकलो होतो, की कॅमेऱ्यासमोर हात दिसले पाहिजेत, 'नो कमेंट' म्हणायचं नाही, आणि प्रत्येक संभाव्य बातमीचा मसुदा आधीच तयार करून कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवायचा. मृत्यूचासुद्धा. प्रशिक्षिका पस्तिशीची, हुशार, स्वच्छ बोलणारी मुलगी. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. "इथे चूक मसुदा करण्याची नाही," ती सांगत होती, "मसुदा उघडा ठेवण्याची आहे." आणि मला वाटलं, बाईंनी हे ऐकलं असतं तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असता. बाई चिडल्या की आवाज चढवत नसत, चष्मा काढत.

मोठ्या बाई म्हणायचे सगळे त्यांना, अगदी सर्जनसुद्धा, जरी त्या जेमतेम पाच फूट होत्या. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आधी एका साप्ताहिकात शब्दकोडी तपासायचं काम करायचे, त्यामुळे मला वाटायचं की शब्दांतलं मला सगळं कळतं. आमची खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या पाठीमागे. एक खिडकी, ती अँब्युलन्सच्या वाटेवर उघडणारी. दोन टेबलं, एक कपाट, एक इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर, जो ओळ संपली की घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा. फिनेलचा वास दारातून यायचा आणि बाईंच्या टेबलावरच्या संत्र्याच्या सालींचा वास त्याला आत येऊ द्यायचा नाही. त्या खोलीत मी जितकं हसले तितकं नंतर कुठल्याच खोलीत हसले नाही. बाई मला 'गडबडे' म्हणायच्या. "गडबडे, निवेदन पाठवलंस की स्वतःच पळत घेऊन गेलीस?" मी नवी साडी नेसून आले की म्हणायच्या, "आज कोणी मोठा माणूस ॲडमिट होणार दिसतं." आणि त्यांचं प्रशिक्षण! पडदा नाही, पुस्तिका नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. "इथे बस. लिहू नकोस, बोलू नकोस. नुसती बस." मी सकाळी नऊपासून बसले. संध्याकाळी त्या आल्या आणि काय पाहिलंस असं विचारलं. मी खूप काय काय सांगितलं, मोठे मोठे शब्द वापरून. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मी थकून म्हणाले, "दार उघडलं की सगळे उभे राहतात." त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. "मग आपला कागद उभ्या माणसासाठी लिहायचा. उभा माणूस दोन ओळींच्या पुढे ऐकत नाही." आज या गार खोलीत 'मुख्य संदेशाची लांबी' यावर वीस मिनिटं आणि चार रंगीत तक्ते खर्च झाले, आणि तक्त्यांचा निष्कर्ष दोन ओळी असाच निघाला.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो त्यांनी मला एकदाच सांगितला. जिवंत माणसाचं मरण टाइप करायचं नाही. मी वाद घातला. दुसऱ्या हॉस्पिटलांत करतात, वार्ताहर दहा मिनिटंसुद्धा थांबत नाहीत, चुका होतात घाईत. बाई संत्रं सोलत होत्या. "थांबतील दहा मिनिटं. ज्याची बातमी आहे त्याला कुठे जायचंय आता?" आणि मग फोड माझ्या हातावर ठेवून, जरा हळू आवाजात, "वेळ आली की लिहू. हात थरथरला तर थरथरू दे. तो थरथरायचा बंद झाला की हे काम सोड." मला ते जुनाट वाटलं. सव्विसाव्या वर्षी सगळंच जुनाट वाटतं. आता मी पन्नाशीत आहे, माझा हात कधी थरथरायचा बंद झाला ते आठवत नाही, आणि मी काम सोडलेलं नाही.

पेशंट म्हणजे रेडिओवर बातम्या वाचणारे गृहस्थ. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ज्यांच्या सकाळी त्या आवाजात दाढी, डबे आणि दप्तरं उरकण्यात गेल्या होत्या, ती सगळी माणसं त्यांना घरच्यासारखं ओळखत. आमच्या घरात वडील त्यांच्या बातम्या सुरू झाल्या की आईला हाताने गप्प करत, आणि आई म्हणायची, "माझं ऐकत नाही, त्याचं बरं ऐकता." तो माणूस आमच्या हॉस्पिटलात आला तेव्हा मला गंमतच वाटली, त्याला चेहरा आहे याची. दोन दिवस ते फार अत्यवस्थ होते. सकाळच्या निवेदनात बाईंनी 'चिंताजनक' लिहिलं होतं. तळमजल्यावर वार्ताहर जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेले. दुपारी बाई प्रशासकांच्या बैठकीला गेल्या आणि मी खोलीत एकटी उरले. मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. क्षण आला की बाई चष्मा शोधतील, आणि मी खणातून तयार कागद काढून पुढे ठेवीन. मग म्हणतील, गडबडे, तू तर माझ्या पुढे गेलीस. चांगला बारा ओळींचा मजकूर झाला. मला तो लिहिताना मजा आली हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बाहेरच्या बोळातल्या मशीनवर बारा प्रती काढल्या, त्या खणात ठेवल्या, आणि मूळ कागद काचेवर तसाच राहिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

चार वाजता त्यांची मुलगी जुने रिपोर्ट झेरॉक्स करायला आली आणि तिने झाकण उचललं. ती दारात उभी राहिली तेव्हा बाई नुकत्याच परत येऊन खुर्चीत टेकत होत्या. मुलगी चाळिशीची, केस विस्कटलेले, तीन दिवसांची झोप डोळ्यांत. "हे कोणी लिहिलं?" ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझे वडील वर सूप पितायत. मी आत्ता चमच्याने भरवून आले." माझा हात खणाच्या कडीवर होता. बाई उठल्या, तिच्या हातून कागद घेतला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी बोलले असते, असं मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आले. "मी," बाई तिला म्हणाल्या. "चला, मी तुमच्याबरोबर वर येते."

मीही मागोमाग गेले, का ते माहीत नाही. बातम्यांच्या गृहस्थांना मुलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलंच होतं, आणि त्यांनी हट्टाने कागद मागून घेतला. चष्मा लावला. आणि वाचला, मोठ्याने. आवाज पार बसला होता, पण विराम सगळे जागच्या जागी. वडील आईला हाताने गप्प करायचे तो आवाज, आणि तो माझं वाक्य वाचत होता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मजकूर बरा आहे. 'दुःखद' दोनदा आलंय. आणि वेळ घालायची राहिली." स्वतःच हसले आणि खोकू लागले. नर्सने पाणी दिलं. मुलगी हसली नाही. पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती. "कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी." त्यावर त्यांनी बाईंकडे बराच वेळ पाहिलं. "तुमची निवेदनं वाचून दाखवतात मला इथे. तुम्ही दोन ओळींच्या पुढे जात नाही." मग त्यांची नजर दाराकडे आली, जिथे मी उभी होते. "माझ्या खात्यातून गेलं म्हणजे मीच लिहिलं," बाई म्हणाल्या. गृहस्थांनी कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. त्यानंतर ते दोन वर्षं जगले, चांगले हिंडते फिरते.

पण मुलीने तो कागद जोडून तक्रार केली, आणि का करू नये? चौकशीच्या दिवशी बोळात मी बाईंचा हात धरला आणि म्हणाले, मी आत येऊन सांगते. "तू गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "तुला लागून सहा महिने झालेत. तुला काढायला त्यांना एक ओळ पुरेल. मला काढायला निदान चहा तरी पाजावा लागेल." विनोद केला त्यांनी, त्या क्षणी. त्या आत गेल्या, वीस मिनिटांनी बाहेर आल्या, आणि महिन्याच्या आत त्यांचं कपाट रिकामं झालं. मी ठरवलं, आज नको, उद्या सांगू. मग म्हटलं, बाई गेल्यावर सांगू, म्हणजे त्या अडवणार नाहीत. मग म्हटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी त्यांच्या टेबलावर बसू लागले, आणि खोलीत संत्र्याचा वास राहिला नाही.

"ताई," शेजारून आमच्या विभागातली सोशल मीडियावाली पोरगी कुजबुजली, "तुम्हाला बोलावतायत." प्रशिक्षिका माझ्याकडेच बघून हसत होती. पुढे एक खुर्ची मांडली होती, समोर तिकाटण्यावर कॅमेरा. खेळ असा होता, की खुर्चीत बसणारीने एकतिसाव्या पानावरची विभागप्रमुख व्हायचं, बाकीच्यांनी वार्ताहर. "आपल्यातल्या सर्वांत अनुभवी तुम्हीच," ती म्हणाली, "तेव्हा प्रमुख तुम्ही." मला नाही म्हणता आलं असतं. पाठ दुखते, घसा धरलाय, शंभर कारणं. वेळ मारून नेण्यात आमचा कोण हात धरणार. पण ते पान आठ हॉस्पिटलांत जाणार होतं. प्रशिक्षिका म्हणालीच होती, पुढच्या वर्षी चाळीसांत जाईल. जी बाई जिवंत माणसाचं मरण टाइप करू देत नव्हती, तिला चाळीस हॉस्पिटलांतली पोरं त्याच गोष्टीसाठी दर वर्षी निष्काळजी म्हणणार, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारी माणसं जगात दोनच. मी जाऊन खुर्चीत बसले. मागच्या रांगेत आमचे प्रशासक मोबाइलमध्ये मान घालून होते. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

पहिला प्रश्न सोशल मीडियावालीनेच विचारला, मोठ्या उत्साहाने. "मॅडम, जिवंत माणसाच्या मृत्यूची बातमी तुम्ही कशी काय लिहून घेतली?" मी म्हणाले, "प्रमुखांनी लिहून घेतली नाही. त्यांनी तसं करायला मनाई केली होती. त्यांच्या हाताखालच्या मुलीने त्या नसताना ती टाइप केली." प्रशिक्षिकेने टाळी वाजवून थांबवलं. "इथे थांबू या. बघा, ताईंसारख्या अनुभवी माणसाकडूनही हे होतं. प्रमुखाने कधीही हाताखालच्या माणसावर ढकलायचं नाही. कॅमेऱ्यावर ते फार वाईट दिसतं. परत घेऊ या." सगळ्यांनी पुस्तिकेत लिहून घेतलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि कुठलंही एक नीट येईना. चोवीस वर्षांनी खरं बोलले, तर ते उत्तर चूक निघालं.

"मी ढकलत नाहीये," मी म्हणाले. "ती मुलगी मी आहे."

कोणीतरी हसलं, खेळातला डाव समजून. मग हसू थांबलं. प्रशिक्षिका दोन पावलं पुढे आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं प्रशिक्षण गळून पडलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "कॅमेरा बंद करू?" मागच्या रांगेत प्रशासकांनी मोबाइल खाली ठेवला होता. त्यांच्या कपाळावर नेमकी कोणती आठी पडली आहे ते मला तिथूनही कळलं, इतकी वर्षं मी त्या कपाळासाठी निवेदनं लिहीत आले आहे. "सुरू राहू दे," मी म्हणाले. आणि सांगितलं. जेवण, बारा ओळी, बारा प्रती, काचेवरचा कागद, खणाच्या कडीवरचा हात. हात कुठे ठेवायचे, कुठे बघायचं, सगळं विसरले. शिकवल्याप्रमाणे तीन मुद्द्यांत मांडणंही जमलं नाही. मध्येच नाक पुसलं. शेवटी म्हणाले, की चौकटीत जे लिहिलंय ते माझ्याबद्दल लिहा, आणि बाईंनी काय शिकवलं होतं तेही लिहा, कारण पुस्तिकेत नेमकं तेच नाही. टाळ्या नाही झाल्या, बरं झालं. प्रशिक्षिकेने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, लिहून द्या, मी पान बदलते. मी लिहून दिलं, खाली सही केली. प्रशासक उठताना एवढंच म्हणाले, "उद्या केबिनमध्ये भेटा." भेटेन. मला चहा पाजतात की नाही ते बघायचं आहे.

पाच वाजता सगळे उतरून गेल्यावर मी जिन्यात उभी राहून बाईंना फोन लावला. त्या आता एक्याऐंशीच्या आहेत, भाचीकडे राहतात. वर्षातून एकदा, त्यांच्या वाढदिवसाला, मी फोन करते. न चुकता. गुडघ्यांचं विचारते, गच्चीतल्या कुंड्यांचं विचारते, भाचीच्या मुलांचं विचारते, आणि ठेवते.

"आज कसा काय फोन? वाढदिवसाला तीन महिने आहेत अजून." आवाज बारीक झालाय, पण तोच.

मी भडाभडा सांगितलं, की असं असं प्रशिक्षण होतं, तुमच्यावर एक पान होतं, ते मी बदलायला लावलं, सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं, कॅमेऱ्यावरसुद्धा, प्रशासकांसमोर. माझा जीव हलका झाला होता, आणि हलक्या जिवाला वाटतं की आता सगळ्यांचंच हलकं झालं असणार. "तुम्ही तर हे कधीच विसरून गेला असाल म्हणा," मी म्हणाले.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "विसरले नाही. दर वाढदिवसाला तुझा फोन आला की वाटायचं, आज ही बोलेल. तू कुंड्यांचं विचारायचीस."

मी पायरीवर खाली बसले. खालच्या मजल्यावर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"लोकांना सांगितलंस ते ठीक," बाई म्हणाल्या. "मला अजून सांगितलं नाहीस."

"बाई," मी म्हणाले, "तो कागद मी टाइप केला होता."

"हं."

"आणि तुम्ही 'मी' म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

"हं," बाई म्हणाल्या. "पुढे बोल. मी ऐकतेय."